बालकाचे आसन बालकासोबत जावे

(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात बालरोग विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रतिवर्षी या मेळाव्यात आमचा विभाग बालआरोग्याच्या एखाद्या प्रश्नाविषयी आपल्याशी चार शब्द बोलत असतो. लसीकरण, स्तनपान, कुपोषण हे नेहमीचे विषय आहेत आणि ते तसेच राहणार आहेत. यंदा मात्र वाहनातून प्रवास करणाऱ्या लहान मुलास सुरक्षित कसे बसवावे, हा विषय आम्ही जाणीवपूर्वक निवडला आहे. हा प्रश्न रुग्णालयाचा नसून परिवहन खात्याचा आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल. तसे नाही, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

कमी वजनाचे नवजात बालक वाचविताना किती जणांचे किती श्रम लागतात, हे आपण जाणता. त्याला ऊब द्यावी लागते, थेंबाथेंबाने दूध द्यावे लागते आणि रोजच्या रोज ग्रॅममध्ये वजन मोजावे लागते. अखेर घरी जाण्याचा दिवस उजाडतो. बाळ दुपट्यात गुंडाळले जाते, आईच्या मांडीवर दिले जाते आणि भाड्याची जीप घाटाच्या वाटेला लागते. त्या दोन-तीन तासांत बाळाच्या रक्षणासाठी आईचे दोन हात एवढेच साधन उरते. त्या हातांतील मायेविषयी कोणास शंका नाही. परंतु अपघाताच्या क्षणी माया आणि बळ या दोन भिन्न गोष्टी ठरतात.

याचा हिशेब साधा आहे. वाहन ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना एकाएकी आदळून थांबले, तर आतील न बांधलेली व्यक्ती त्याच वेगाने पुढे फेकली जाते. हा आघात सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडण्याइतका असतो. दहा किलो वजनाच्या बालकाला अर्ध्या मीटरच्या अंतरात थोपवून धरावयाचे झाल्यास सुमारे दोनशे किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. धान्याची चार पोती एकाच क्षणी अंगावर यावीत, असा तो भार आहे. जगातील कोणतीही आई तो पेलू शकत नाही. शिवाय आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर तिचा देह पाठीमागून बाळावर आदळतो, आणि जी मांडी आपण सुरक्षित समजतो तीच बाळाला घातक ठरते.

हे सत्य समाजाच्या गळी उतरणे सोपे नव्हते. अमेरिकेतील टेनेसी या राज्यात डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. मोटारीत लहान मुलांसाठी सुरक्षा आसन सक्तीचे व्हावे, म्हणून त्यांनी चिकाटीने प्रयत्न केले. १९७७ साली तेथील विधिमंडळाने कायदा संमत केला आणि १ जानेवारी १९७८ पासून तो अमलात आला. अमेरिकेतील या प्रकारचा तो पहिला कायदा होय. परंतु त्यात एक पळवाट ठेवण्यात आली होती. मोठ्या माणसाने मूल कडेवर वा मांडीवर धरले असेल, तर आसनाची गरज नाही, असे त्यात म्हटले होते. टीकाकारांनी या सवलतीला ‘बालक चिरडणारी तरतूद’ असे कठोर नाव दिले. १९८१ साली ती रद्द झाली आणि १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व ५० राज्यांनी असे कायदे केले. तेथील रस्ता सुरक्षा यंत्रणेच्या अभ्यासानुसार, योग्य आसनामुळे मोटारीतील एक वर्षाखालील बालकांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, तर एक ते चार वर्षांच्या बालकांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. एवढी परिणामकारक औषधे आमच्या शास्त्रातही फार थोडी आहेत.

आपल्या देशातही कायदा आता स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम १९४-बी समाविष्ट झाले. चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्टने अथवा बालकांसाठीच्या सुरक्षा आसनाने बांधलेले नसल्यास वाहन चालविणाऱ्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले. मागील आसनावरील प्रवाशांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले, आणि मागे बसणाऱ्यासही पट्टा लागतो याची चर्चा प्रथमच घरोघरी झाली. मात्र त्या चर्चेत मागच्या आसनावर मांडीवर बसलेल्या बाळाचा उल्लेख क्वचितच आला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला आपला नंदुरबार जिल्हा सहा तालुक्यांचा आहे. तापीकाठचा सपाट मुलूख आणि सातपुड्याचे डोंगर अशी त्याची दोन रूपे आहेत. धडगाव, मोलगी, तोरणमाळ या परिसरातील पाड्यांवरून रुग्णास आजही कित्येकदा बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते, आणि तेथून पुढे मिळेल त्या वाहनाने प्रवास होतो. ते वाहन काळी-पिवळी जीप असेल, शेजाऱ्याची मोटार असेल, नाही तर भावाची मोटारसायकल असेल. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे जाणारी कुटुंबे आणि होळीला परतणारी तीच कुटुंबे तान्ह्या मुलांसह प्रवास करतात. सारंगखेड्याची यात्रा आणि अस्तंब्याची यात्रा यांच्या वेळीही हेच दृश्य असते. वाटेत देवगोई, चांदशैली, कोंडाईबारी असे घाट आहेत. २१ ऑक्टोबर २०२० रोजी कोंडाईबारी घाटात खासगी प्रवासी बस कोसळली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांचे पिकअप वाहन चांदशैली घाटात उलटले. या दोन्ही अपघातांत अनेक घरांवर दुःखाची छाया पडली.

येथेच आमच्या आजच्या म्हणण्याचा गाभा आहे. बाल-आसन, म्हणजे बाजारात ज्याला चाइल्ड सीट म्हणतात ते, मोटार बाळगणाऱ्या श्रीमंतांची वस्तू आहे, असा समज आहे. प्रत्यक्षात ज्याची स्वतःची मोटार नाही, त्याच्या मुलाला त्याची निकड अधिक आहे, कारण ते मूल दरवेळी निराळ्या वाहनात बसते. म्हणून आपल्याकडे आसन गाडीचे नसावे, ते मुलाचे असावे. मूल ज्या गाडीत बसेल, त्या गाडीत ते आसन दोन मिनिटांत बसले पाहिजे आणि उतरताना उचलून नेता आले पाहिजे. असे सहज नेता येणारे आसन कसे निवडावे, हे आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे निवड वयावरून करू नये, वजन आणि उंचीवरून करावी. आसनावरील चिठ्ठीत वजनाची किंवा उंचीची मर्यादा छापलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या मानकांनुसार एक वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन ९.६ किलो व मुलीचे ८.९ किलो असते, तर दोन वर्षांच्या मुलाचे १२.२ व मुलीचे ११.५ किलो असते. आपल्या भागातील अनेक बालके या आकड्यांच्या बरीच खाली असतात. दुकानदार वय विचारून मोठे आसन पुढे करील, परंतु दोन वर्षांचे नऊ किलोचे मूल त्या आसनाच्या पट्ट्यांतून निसटेल. तेव्हा खरेदीपूर्वी बाळाला अंगणवाडीत अथवा आमच्या बाह्यरुग्ण विभागात आणून वजन व उंची मोजून घ्यावी आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावे.

दुसरी गोष्ट आसनाच्या दिशेची. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे पाव भागाइतके असते आणि मानेची हाडे अद्याप कोवळी असतात. पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे डोके धक्क्यासरशी झटक्याने पुढे जाते आणि मानेला इजा होते. गाडीच्या मागील बाजूस तोंड करून बसविल्यास तोच धक्का संपूर्ण पाठीवर विभागला जातो. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आर-१२९ या नियमानुसार किमान पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड असणे आवश्यक आहे. त्यानंतरही आसनाची मर्यादा संपेपर्यंत तसेच ठेवावे, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. दांडी असलेले, टोपलीसारखे उचलता येणारे तान्ह्या बाळाचे आसन सामान्यतः १३ किलोपर्यंत चालते. आपल्याकडील सडपातळ बांध्याच्या बालकाला ते दीर्घकाळ पुरते, आणि नेण्या-आणण्यासही तेच सर्वांत सोयीचे आहे. मात्र पुढील जागेवर एअरबॅग चालू असेल, तर तेथे असे आसन कदापि ठेवू नये. फुगणारी एअरबॅग आसनासह बाळावर आदळते.

तिसरी गोष्ट म्हणजे वाहनाची पाहणी. नव्या मोटारींत आयसोफिक्स नावाच्या धातूच्या कड्या असतात आणि त्यांत आसन अडकविता येते. परंतु भाड्याच्या जुन्या गाडीत त्या सापडतीलच असे नाही. म्हणून सीटबेल्टने बांधता येणारे आसनच घ्यावे. बहुतेक आसनांना खांद्यावरून व कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा लागतो. केवळ कमरेच्या पट्ट्यावर ती बसत नाहीत. जीपच्या मागील भागात समोरासमोर असलेल्या आडव्या बाकांवर कोणतेही बाल-आसन चालत नाही. अशा वेळी पुढे तोंड असलेल्या मधल्या रांगेतील पट्ट्याची जागा आईसाठी व बाळासाठी मागून घ्यावी. गाडी ठरविताना भाड्याबरोबर “मधल्या सीटला बेल्ट आहे का?” एवढे विचारण्याची सवय लागली, तरी पुष्कळ साधेल.

चौथी गोष्ट मान्यता चिन्हाची. भारतात या आसनांसाठी ‘एआयएस ०७२’ हे मानक आहे, तर युरोपीय मान्यतेच्या आसनांवर वर्तुळातील ‘ई’ हे अक्षर व ‘आर ४४’ अथवा ‘आर १२९’ असा क्रमांक असतो. हलके व घडीचे म्हणून आसनाच्या पाठीला बांधावयाचे कापडी पट्टे आणि गाद्याही विकल्या जातात. चिन्ह नसेल, तर ते विकत घेऊ नयेत. हलकेपणा हा गुण खरा, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पूर्वी अपघातात सापडलेले, भेगा पडलेले, पट्टा विरलेले अथवा ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही असे जुने आसनही वापरू नये. परदेशी राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांकडून एक चौकशी वारंवार होते, तिचेही उत्तर येथे देतो. विमानाच्या आसनाला लावावयाचा ‘केअर्स’ हा पट्टा १० ते २० किलोच्या बालकांसाठी आहे आणि तो केवळ विमानासाठी मान्य आहे. मोटारीत त्याचा उपयोग करू नये.

पाचवी गोष्ट म्हणजे बसविल्यानंतरची परीक्षा. आसन पट्ट्याच्या जागी धरून हलवून पाहावे. एका इंचाहून अधिक सरकल्यास पुन्हा आवळावे. बाळाच्या खांद्यावरील पट्टा दोन बोटांच्या चिमटीत धरून पाहावा. चिमटीत घडी आली, तर तो सैल आहे असे समजावे. तोरणमाळच्या थंडीत बाळाला जाड दुपट्यात गुंडाळून मग पट्टा लावण्याचा मोह होतो, परंतु धक्क्यासरशी कापूस दबतो आणि पट्टा सैल पडतो. प्रथम पट्टा लावावा आणि पांघरूण वरून घालावे. उन्हाळ्यात, जेव्हा आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बक्कल तापून चटका बसतो. ते हाताने पाहूनच बाळाला बसवावे, आणि उभ्या गाडीत बाळाला क्षणभरही एकटे ठेवू नये.

चार वर्षांच्या पुढील, साधारण १५ किलोहून अधिक वजनाच्या मुलास पाठ असलेले उंच आसन, म्हणजे बूस्टर, लागते. गाडीचा पट्टा गळ्यावरून न जाता खांद्याच्या मध्यावरून जावा आणि पोटावरून न जाता मांडीच्या मुळाशी यावा, हा त्याचा हेतू आहे. पोटावर आलेला पट्टा आतील अवयवांना इजा करतो. उंची सुमारे दीडशे सेंटीमीटर होईपर्यंत बूस्टरची गरज राहते. ते हलके असते, म्हणून मामाच्या गावाला जाताना सोबत नेणे कठीण नाही.

आता मोटारसायकलविषयी, कारण जिल्ह्यातील बहुसंख्य बालके तिच्यावरूनच प्रवास करतात. केंद्र शासनाने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी काढलेला नियम एका वर्षानंतर लागू झाला. त्यानुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बालकास चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा, म्हणजे हार्नेस, आणि मापाचे हेल्मेट आवश्यक आहे, व वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक नसावा. हा हार्नेस म्हणजे बालकाच्या अंगातील जाकीट. त्याचे पट्टे चालकाच्या खांद्यांवर येतात. तो हलका, जलरोधक, मापानुसार कमी-जास्त करता येणारा आणि तीस किलोपर्यंतचा भार सहन करणारा असावा, असे नियमात म्हटले आहे. पेंगुळलेले मूल गाडीवरून घसरू नये, एवढे महत्त्वाचे काम तो करतो. धडक झाल्यास मोटारीतील आसनासारखे संरक्षण मात्र तो देत नाही. नऊ महिन्यांखालील बाळास तर दुचाकीवर नेऊच नये. पाठीशी फडक्यात मूल बांधण्याची आपल्या मातांची रीत शेतात आणि पायवाटेवर उत्तम आहे, परंतु वाहनावर ती पट्ट्याची जागा घेऊ शकत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांविषयी एक वैद्यकीय सूचना द्यावीशी वाटते. सदतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाची मान अर्धवट बसलेल्या स्थितीत छातीवर झुकू शकते आणि श्वासमार्ग आकसतो. अशा बाळास घरी सोडण्यापूर्वी आसनात बसवून काही काळ त्याच्या श्वासावर व प्राणवायूच्या प्रमाणावर लक्ष ठेवले जाते. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याखेरीज त्यास आसनात दूर नेऊ नये. वाटेत मोठ्या माणसाने बाळाशेजारी बसावे, तासा-दीड तासाने थांबावे आणि घरी पोचताच बाळास सपाट अंथरुणावर ठेवावे. आसन हे प्रवासाचे साधन आहे, निजण्याची जागा नव्हे.

आसन मिळालेच नाही तर काय, असा प्रश्न आपल्या मनात असेल. शासनाच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून प्रसूत माता व नवजात बालक यांना घरी पोचविण्याची मोफत सोय आहे. तिची चौकशी प्रथम करावी. अन्यथा आईने मागील आसनावर बसावे आणि स्वतःचा पट्टा अवश्य लावावा. आपल्या पट्ट्याच्या आत बाळास घेऊ नये, कारण मग आईचा भार त्याच्यावर येतो. प्रवास दिवसा करावा आणि चालकास वेग कमी ठेवावयास सांगावे. मालवाहू पिकअपच्या हौद्यात मुलांना घेऊन बसणे कटाक्षाने टाळावे. हे उपाय थोडाफार धोका कमी करतात. आसनाला ते पर्याय ठरत नाहीत, हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे.

मूल रडते, अंतर थोडेच आहे, चालक ओळखीचा आहे, या तिन्ही सबबी आम्ही नित्य ऐकतो. पहिल्या प्रवासापासून बसविलेले मूल आसनाला सरावते. अपघात अंतर पाहून होत नाही. आणि आपला चालक कितीही सावध असला, तरी समोरून येणाऱ्या ट्रकची हमी तो कशी देणार?

शेवटी देणगीदारांना व विश्वस्तांना विनंती. तान्ह्या बाळाच्या आसनाची किंमत काही हजार रुपये असते आणि त्याचा उपयोग साधारण वर्ष-दीड वर्ष होतो. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाने ते विकत घ्यावे, अशी अपेक्षा करणे न्यायाचे नाही. म्हणून प्रसूती विभागात एक आसन-संग्रह असावा, असा प्रस्ताव आम्ही मांडत आहोत. मान्यता चिन्ह असलेली थोडी नवी आसने व हार्नेस तेथे ठेवावेत. घरी जाणाऱ्या कुटुंबास ते नोंद करून द्यावेत, परिचारिकेने गाडीपर्यंत जाऊन ते कसे बांधावयाचे हे दाखवावे, आणि लसीकरणाच्या भेटीस येताना कुटुंबाने ते परत आणावेत. परत आलेले प्रत्येक आसन तपासून, धुऊन पुढील बाळास द्यावे. अपघातात सापडलेले आसन मात्र कायमचे बाद करावे. एका आसनाची देणगी अशा रीतीने अनेक बाळांना घरी पोचवील.

उबेच्या पेट्या, औषधे, खाटा यांसाठी आपण आजवर उदार हस्ते दिले आहे, आणि त्या दातृत्वामुळे कितीतरी बाळे या दारातून हसतखेळत बाहेर पडली. त्यांचा दारापासून अंगणापर्यंतचा रस्ताही आपल्या सेवेचा भाग मानावा, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.